आधी लाकूड ऐक

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आणि गिटारचा फोटो, दोन्ही मिळाले. शिकवण्या घेऊन तू १५ हजार साठवलेस हे वाचून ऊर भरून आला. फोटोतली गिटार इलेक्ट्रो-अकूस्टिक, म्हणजे वायर जोडून स्पीकरवरही वाजवता येणारी. तिला छोटा पडदा आहे, चार बटणं आहेत, सूर जुळवायचा ट्यूनर आहे. तू सगळं त्या बटणांबद्दलच विचारलंयस, लाकडाबद्दल एक शब्द नाही. म्हणून निरोपावर न भागवता पत्र लिहायला बसलो.

दुकानात गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं वायर जोडूच नकोस. मिरजेला तंबोरा घ्यायला गेलेला जाणता माणूस तार छेडतो आणि नाद विरेपर्यंत कान लावून बसतो. तसंच कर. इलेक्ट्रो-अकूस्टिक ही शेवटी अकूस्टिक गिटारच. तू वर्षातले साडेतीनशे दिवस ती घरी, ओसरीवर, बिनवायरचीच वाजवणार. ती तेव्हा गोड लागली नाही तर तुझा हात तिच्याकडे वळणारच नाही.

गळ्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. प्रत्येक तार त्यातल्या प्रत्येक पट्टीवर दाबून बघ, कुठे झणझण होते का. बाराव्या पट्टीवर बोट नुसतं टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर एकच यायला हवा. तिथेच तार किती उंच आहे तेही बघ. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या आसपास, एवढं पुरे. याहून उंच असेल तर बोटं सोलतील आणि तुला वाटेल, आपल्यालाच जमत नाही.

मग वायर. खालच्या टोकाला तारा ज्या पांढऱ्या तुकड्यावर टेकतात ती सॅडल, आणि तिच्याखाली पिएझो पिकअप. तारांच्या कंपनाचा दाब त्याच्यावर पडला की अगदी बारीक वीज तयार होते आणि प्रीअँप ती पुढे पाठवण्याजोगी करतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा गुंजणारा नाद, जशी घोडीवर जुळते, तसं इथे सगळं सॅडलच्या बैठकीवर आहे. ती नीट टेकली नसेल तर बिनवायरचं काही कळत नाही, पण स्पीकरवर एखादी तार मुकी होते. म्हणून सगळी बटणं मध्यावर आणून सहाही तारा एकाच जोराने छेड. एक दबली तर दुकानदाराला तिथेच दाखव.

आता लाकूड. वरची फळी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या एकसंध लाकडाची असेल तर आवाज मोकळा येतो आणि वाजवत राहिलं की आणखी खुलतो. मधल्या भोकाच्या कडेला बघ. वरच्या रेघा जाडीतून तशाच खाली उतरताना दिसल्या तर फळी एकसंध, थर दिसले तर प्लाय. एरवी मी डोळे मिटून एकसंध फळी घे म्हटलं असतं. पण तू जांबोटीचा. तिकडच्या पावसात भिंतींना पाझर फुटतो. ओल शिरली की फळी फुगते, सॅडल जिच्यात बसते ती घोडी, म्हणजे ब्रिज, वर येतो, तारा उचलल्या जातात. मार्चमध्ये तीच फळी आक्रसून खाली बसते आणि झणझण सुरू होते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि तुमच्याकडे श्रावणात ती कुठली? रोज पेटीत ठेवशील, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहशील, बाहेरच्या भिंतीला टेकवणार नाहीस, एवढं जमणार असेल तर एकसंध घे. नाहीतर ओलीने कमी फुगणारी चांगली प्लायची घे आणि मनात कमीपणा ठेवू नकोस. १९५४ साली गिब्सन कंपनीने जे-१६०ई ही गिटार काढली तिला मुद्दाम प्लायची फळी घातली होती, कारण ती कमी थरथरते आणि स्पीकरसमोर शिट्टी कमी मारते. बीटल्सवाल्यांनी तीच वाजवली. गणपतीच्या मांडवात तुझ्या पाठीशीच स्पीकर असतो, तेव्हा हे आठवेल.

बॅटरीचं मात्र कायमचं ध्यानात ठेव. बहुतेक गिटारींत ९ व्होल्टची बॅटरी असते आणि वायर खोचली की प्रीअँप चालू होतो, मग तू वाजव की वाजवू नकोस. एका वर्षी मांडवात मी दुपारी आवाज तपासला आणि वायर तशीच ठेवून जेवायला गेलो. जुनीच बॅटरी होती. रात्री दुसऱ्या अभंगाला आवाज आधी फाटला, मग गेला. गाणारी पोर माझ्याकडे बघत राहिली. तो चेहरा अजून विसरलो नाही. वाजवून झालं की वायर काढायची, आणि खिशात एक नवी बॅटरी हवीच.

सगळे १५ हजार गिटारवर घालू नकोस. दोन हजार मागे ठेव, जाड अस्तराची पिशवी, बरी वायर आणि सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवून घेणं, यांसाठी. पडद्याचा ट्यूनर नसला तरी चालेल, क्लिपचा स्वस्तात मिळतो.

आणि एकटा जाऊ नकोस. गिटारचा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो पुरता ऐकूच येत नाही. ज्या दिवशी बेळगावला येशील त्याच्या आदल्या रात्री फोन कर. तू वाजव, मी समोर उभा राहून ऐकतो. मग मी वाजवेन आणि तू समोर उभा राहा.

तुझा,
काका