३२ वेळा चावणं, तुमचं वजन आणि आईंची कवळी

तुम्ही एका प्रश्नात दोन माणसं आणलीत आणि दोघांची उत्तरं उलट दिशेची आहेत. तुम्ही ३६ वर्षांचे, हिंजवडीत नोकरी, पाच वर्षांत नऊ किलो वाढलेत, जेवण सात मिनिटांत उरकता आणि बायको सांगते, वजन उतरवायचं तर घास ३२ वेळा चावा. आई सत्तरीच्या, कवळी बसवल्यापासून रोडावताहेत, आणि घरात सगळे म्हणताहेत, बरं झालं, गुडघ्यांवरचा भार कमी झाला.

आधी तुमचं. ३२ हा आकडा दात मोजून काढलेला. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचे गृहस्थ तर घासाचं पाणी होईपर्यंत चावायला लावत. वरणभात ३२ वेळा चावून बघा, दहाव्या वेळी तोंडात काही उरत नाही.

पण वहिनी अगदीच चुकीचं सांगत नाहीयेत. २०११ साली चीनमध्ये तरुणांवर एक प्रयोग झाला. घास १५ऐवजी ४० वेळा चावल्यावर त्यांच्या पोटात सुमारे १२ टक्के कमी कॅलरी गेल्या. चावून चरबी जळते म्हणून नाही; च्युइंगगम तासभर चघळलं तर जेमतेम ११ कॅलरी खर्च होतात. खरी गोष्ट वेळेची आहे. पोट भरल्याचा निरोप आतड्यातून मेंदूकडे जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तुमची तिसरी पोळी त्याच्या आतच संपलेली असते. (बदामाचं मात्र उलटं. जितका बारीक चावाल तितकी त्यातली चरबी जास्त अंगी लागते.)

मी भोसरीत शिफ्टमध्ये होतो. अर्ध्या तासाच्या सुट्टीतली वीस मिनिटं कॅन्टीनच्या रांगेत जायची, मग बकाबका गिळायचं. ती सवय निवृत्त झाल्यावरही सुटेना. घास मोजायचं आठवडाभर करून पाहिलं, बायकोशी बोलता येईना म्हणून सोडलं. मग ताटच बदललं. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ जरा बोटचेपीच शिजवलेली, गाजर-काकडी न किसता. अशा जेवणात घाई करताच येत नाही. दीड वर्षात चार किलो उतरलं; तेव्हा पर्वतीही रोज चढायला लागलो होतो, त्यामुळे सगळं श्रेय दातांना देत नाही. अमेरिकेत २०१९ साली २० जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खाऊ दिलं. तयार अन्नावर असताना ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि भरभर खात होते. तुमच्या डेस्कवरचा बर्गर न चावताच खाली उतरतो, ते बघा.

आता आईंचं, कारण मला काळजी त्यांची वाटते. या वयात न ठरवता वजन उतरलं तर ते चांगलं नसतं. चावता येईना की आधी भाकरी, दाणे, उसळी, कोशिंबीर जातात. उरतो चहात बुडवलेला पाव, मऊ भात, शिरा. प्रथिनं कमी पडतात आणि काट्यावर जे घटतं त्यात स्नायूही असतात. जपानात १९८९पासून ऐंशीव्या वर्षीही वीस दात टिकवायची मोहीम चालू आहे, ती काही हसू छान दिसावं म्हणून नाही.

माझ्या आईच्या हिरड्या कवळीने सोलवटल्या होत्या. सहा महिने तिने कुणाला सांगितलं नाही. जेवताना कवळी डबीत, पाहुणे आले की तोंडात! शेवटी दातांच्या डॉक्टरांनी ती दोनदा घासून नीट बसवली. तोवर आम्ही घट्ट मुगाचं वरण, अंडं, किसलेलं पनीर, दही आणि भाजीत मूठभर दाण्याचं कूट यावर निभावलं. त्याखेरीज फॅमिली डॉक्टरांकडून साखर आणि थायरॉइड तपासून घ्या, वजन उतरण्याची कारणं तोंडाबाहेरही असतात.

आज रात्री आईंच्या शेजारी जेवायला बसा आणि कवळी कुठे आहे ते बघा.