न उडणारे छोटे पक्षी वाचवायचे म्हणून दुसऱ्या प्राण्यांना मारणं बरोबर आहे का? आणि अशा कामात शिरायला काय शिकावं लागतं?

हो, बरोबर आहे. एवढं लिहून थांबलो असतो, पण तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की "पक्षी वाचवणारे शास्त्रज्ञ वेगळे आणि विष टाकणारे वेगळे असतील ना, स्वतः पक्षीप्रेमी माणूस असं काही करणार नाही." ते वाचल्यावर गप्प बसवेना.

मी विष टाकणारा आहे. मूळचा वाळवा तालुक्यातला, बरीच वर्षं सिडनीत पेस्ट कंट्रोलमध्ये आहे आणि २०१९ च्या हिवाळ्यात (तिकडचा हिवाळा म्हणजे जून-जुलै) लॉर्ड होव बेटावर उंदीर निर्मूलनाच्या कामावर होतो. ते काम वुडहेन नावाच्या पक्ष्यासाठी होतं, फक्त त्याच्यासाठी नाही पण त्याच्यासाठीही होतं. आयुष्यात केलेल्या कामात मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचाच आहे.

वुडहेन म्हणजे आपल्या ओढ्याकाठच्या पाणकोंबडीच्या घराण्यातला पक्षी, तपकिरी, लाल डोळ्याचा, किंचित वाकडी चोच, वजन अर्धा किलोच्या आसपास. उडता येत नाही. जोडीने राहतो, दोघं मिळून ओरडतात, आणि कुठं आवाज झाला की पळून जायच्या ऐवजी काय झालं ते बघायला येतो. हाच स्वभाव त्याच्या मुळावर आला. बेट ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर पूर्वेला, क्षेत्रफळ १५ चौरस किलोमीटरपेक्षा थोडं कमी, आणि १७८८ पर्यंत तिथं माणूसच गेलेला नव्हता. त्या वर्षी 'सप्लाय' जहाजावरचे लोक उतरले आणि काठीने हे पक्षी मारून खाल्ले, पक्षी आपले समोर उभेच. मग १८३४ पासून वस्ती झाली, वस्तीबरोबर डुकरं, शेळ्या, मांजरं, कुत्री आली, आणि १८५० च्या दशकापर्यंत वुडहेन सपाटीवरून संपून डोंगरात गेलेला होता.

आता इथं बहुतेक लोक उंदरावर येतात, पण वुडहेनला माऊंट गॉवरच्या माथ्यावर नेऊन ठेवलं ते डुकरांनी. १९७० च्या दशकाच्या शेवटी बेन मिलर नावाच्या संशोधकाने याचा नीट अभ्यास केला. तेव्हा सगळ्या जगात मिळून तीसच्या आत-बाहेर पक्षी उरलेले, ते पण बहुतेक सगळे गॉवरच्या ८७५ मीटर उंच माथ्यावर. लोकांना वाटायचं की याला डोंगर आवडतो. डोंगर वगैरे काही आवडत नव्हता, त्या कड्यांवरून डुकराला वर जाता येत नव्हतं म्हणून तेवढेच जिवंत राहिले होते. वर जागा थोडी, जोड्या दहाच्या आसपास, पिल्लं झाली तरी त्यांना जायला जमीनच नाही. मग रानडुकरं गोळ्या घालून संपवली, मोकाट मांजरं संपवली, नवीन मांजर पाळायला बंदी आली, आणि १९८० मध्ये तीन जोड्या खाली आणून बेटावरच पिंजऱ्यात त्यांची पैदास सुरू केली. चार वर्षांत ८० च्या वर पक्षी सोडले. जगात हे यश म्हणून सांगतात ते पिंजऱ्यांचं आणि पिल्लांचं. फोटो पिल्लांचे छापून येतात. पण डुक्कर मारणाऱ्याने आधी जमीन मोकळी केली नसती तर ते ८० पक्षी सोडणार कुठं होते? डुकरापुढंच की.

उंदराची गोष्ट वेगळी. १९१८ च्या जूनमध्ये 'मकाम्बो' नावाचं जहाज किनाऱ्याला लागलं आणि त्यातून काळे उंदीर उतरले. पुढच्या काही वर्षांत बेटावरचे पाच पक्षी जगातून गेले. एक मैनेच्या कुळातला, एक कस्तुरासारखा, एक नाचण, एक चष्मेवाला आणि एक बारका वटवट्यासारखा. या जाती-उपजाती दुसरीकडं कुठं नव्हत्याच, त्यामुळं संपल्या म्हणजे संपल्या. लोकांनी उंदरांच्या शेपटीमागे बक्षीस लावलं, बाहेरून घुबडं आणून सोडली, ती घुबडं पण स्थानिक पक्षी खायला लागली. वुडहेन अंगाने दणकट असल्यामुळं टिकला पण अंडी-पिल्लांना धोका, खायला किडे कमी, आणि पैदास करून सोडल्यावरही आकडा दोन-अडीचशेच्या वर जाईना. तीस-पस्तीस वर्षं तो तिथंच अडकून होता.

म्हणून २०१९. बेटावर साडेतीनशेच्या आसपास माणसं राहतात, आणि हा विषय त्यांच्यात पंधरा-वीस वर्षं पेटलेला होता. २०१५ ला मत घेतलं तर निम्म्याहून थोडेच जास्त लोक बाजूने. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आम्ही ज्यांच्या घरात शिरत होतो त्यातल्या अर्ध्या लोकांना आम्ही नको होतो. आणि घरात शिरावंच लागतं. वस्तीत दर काही पावलांवर विषाचा एक डबा, बेटभर मिळून २२ हजारांच्या आसपास, डोंगरावर हेलिकॉप्टरमधून विषाच्या गोळ्या, सगळं मिळून ४२ टन. प्रत्येक माळा, प्रत्येक शेड, फ्रीजच्या मागं, कोंबड्यांचं रिकामं खुराडं (कोंबड्या आधीच हलवल्या होत्या). एक गाभण उंदरीण राहिली तर सगळं परत पहिल्यापासून, त्यामुळं "इथं काही नसेल" हे वाक्य बोलायचं नाही असा नियमच होता. एक आजीबाई होत्या, कडक विरोधात, मला दारातच म्हणाल्या की माझ्या नातवंडांच्या घरात तू विष ठेवतोयस. पण दार उघडलं, आणि दर वेळी डबा तपासताना शेजारी उभ्या राहून बघायच्या. मला त्यांचा राग कधीच आला नाही. त्यांचं घर, त्यांची नातवंडं, त्यांनी विचारायलाच पाहिजे होतं.

वुडहेन त्या वेळी बाहेर नव्हते. सिडनीच्या तारोंगा प्राणीसंग्रहालयाच्या लोकांनी आधीच दोनशेच्या वर पक्षी, म्हणजे बेटावरचे बहुतेक सगळे, पकडून बेटावरच बांधलेल्या पिंजऱ्यात ठेवले होते. कारण हा पक्षी काहीही टोचून बघतो, गोळी पण खाईल आणि गोळी खाऊन मेलेला उंदीर पण. पकडायला फार पळावं लागलं नाही, आवाज केला की आपणहून येतात. सगळे काही हाताला लागले नाहीत, आणि जे बाहेर राहतील त्यातले काही जातील हे आधीच धरलेलं होतं. त्यांच्या पेट्या उचलायला मी काही वेळा होतो. इकडे हातात पेटी, तिकडे पाठीवरच्या सॅकमध्ये विषाच्या गोळ्या. म्हणून म्हणतो, तुम्ही जी दोन वेगळी माणसं समजताय ना, त्या बेटावर ती बऱ्याचदा एकच होती.

आता दाजींचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचला आणि मला तेच दिसले.

आमचे दाजी, ताईचे मिस्टर, मोठे पक्षीप्रेमी. हातभर लेन्सचा कॅमेरा, दर हिवाळ्यात भिगवणला रोहित बघायला, कधी मायणीला, घरात भिंतभर फोटो. फोटो खरंच सुंदर असतात, ते नाकारत नाही. मी बेटावरून आल्यानंतर भाचीच्या लग्नाला गावी गेलो, हळदीच्या दिवशी मांडवात व्याही बसलेले, त्यांनी सहज विचारलं की पाहुणे ऑस्ट्रेलियात काय करतात, तर माझ्या आधी दाजीच बोलले, "एन्व्हायर्नमेंटच्या कंपनीत मोठ्या पोस्टवर आहे." मी तिथल्या तिथं म्हणालो, "नाही, उंदीर मारतो. आत्ताच एका बेटावरचे सगळे उंदीर मारायच्या कामावर होतो." व्याही गृहस्थ चांगले होते, त्यांनी कुतूहलाने विचारायला सुरुवात केली, कुठलं बेट, कुठला पक्षी, पण दाजींचा चेहरा पडला. रात्री जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चारचौघात बोलायची गोष्ट आहे का ही? आणि गणपतीचं वाहन आहे ते. तू पाप करतोस आणि पक्ष्यांच्या नावावर खपवतोस. निसर्ग आपलं आपण बघून घेतो, माणसाने मध्ये पडू नये."

मी त्यांना काय बोललो ते इथं लिहीत नाही, ताई शेजारी उभी होती म्हणून अर्धंच बोललो. राहिलेलं अर्धं असं, की दाजी, तुमच्या स्वतःच्या उसात दरवर्षी उंदरासाठी झिंक फॉस्फाईड भिजलेल्या धान्यात कालवून बिळाबिळात टाकतात. गडी टाकतो, तुम्ही टाकत नाही, एवढाच फरक. माझ्या वडिलांनी पण टाकलंय, मी लहानपणी त्यांच्याबरोबर बिळं मोजत फिरलोय. पीक वाचवायला मारलेला उंदीर चालतो, मग जगातून कायमची जाणारी जात वाचवायला मारलेला का चालत नाही? आणि निसर्ग आपलं बघून घेईल म्हणता, तर त्या बेटावर उंदीर निसर्गाने पाठवला नव्हता. जहाजाने आणला, जहाज माणसाचं. माणूस १९१८ लाच मध्ये पडलेला होता, आम्ही त्याने केलेलं निस्तरत होतो.

उंदराला त्रास होतो का? होतो. आम्ही वापरलेल्या विषाने, ब्रोडिफॅकूमने, रक्त गोठायचं थांबतं, आतल्या आत रक्तस्राव होतो आणि मरायला काही दिवस लागतात. मी ते जवळून बघितलंय आणि ते बघवत नाही. लगेच मारणारं विष वापरलं तर थोडंसंच चाखून वाचलेले उंदीर तो त्रास लक्षात ठेवतात आणि ते खाणंच सोडतात, म्हणजे थोडे मरतात, बाकीचे शहाणे होतात, आणि मग तुम्ही पिढ्यान् पिढ्या मारत बसता. बेटावर आधीची कित्येक वर्षं तेच चालू होतं, दरवर्षी थोडं थोडं विष. एकदाच पूर्ण संपवलं तर पुढचे लाखो उंदीर जन्मून मरायचे वाचतात. हा हिशोब ज्यांना क्रूर वाटतो त्यांनी दुसरा हिशोब मांडून दाखवावा, मी ऐकायला तयार आहे. नुसतं "मला बघवत नाही" हे उत्तर चालणार नाही, मलाही बघवत नव्हतं.

मारणं जमलं नाही तर काय होतं ते पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर बघा. तिथला को'को' नावाचा पक्षी, तोही याच घराण्यातला, तोही न उडणारा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालातून तपकिरी झाडसाप आले आणि जंगलातले जवळजवळ सगळे पक्षी फस्त झाले. १९८० च्या दशकात २१ को'को' पकडून पिंजऱ्यात पैदास केली, म्हणून जात राहिली. आज त्या पक्ष्याला शेजारच्या रोटा आणि कोकोस बेटावर सोडलंय, २०१९ ला तो 'जंगलातून नामशेष' या यादीतून बाहेर पण आला. पण मुख्य ग्वामवर, त्याच्या स्वतःच्या घरी, साप संपवता आले नाहीत म्हणून त्याला अजून मोकळं सोडता येत नाही. उलट न्यूझीलंडच्या कॅम्पबेल बेटावर २००१ ला उंदीर संपवले, आणि शेजारच्या एका खडकावर तग धरून राहिलेलं न उडणारं छोटं बदक २००४ पासून परत मूळ बेटावर आणलं.

आणि लॉर्ड होवला काय झालं? २०१९ च्या अखेरीपासून वुडहेन सोडायला लागले आणि काही वर्षांतच आकडा हजाराच्या पार गेला. अडीचशेला अडकलेला पक्षी. किडे वाढले, गोगलगायी दिसायला लागल्या, केंटिया पामची रोपं जिकडं तिकडं उगवली, आधी बी जमिनीवर पडलं की उंदीर खाऊन टाकायचे. ज्या आजीबाईंचं सांगितलं त्यांच्या अंगणात पण आता वुडहेन असतात असं तिथल्या एकाने कळवलं.

शिक्षणाचं विचारलंत. डॉक्टरेट करून या कामात येतात ते लोक आहेतच आणि त्यांच्याशिवाय काही चालत नाही, पण जमिनीवर लागतात ते हात वेगळे असतात. माझ्याकडं पेस्ट कंट्रोलचं लायसन्स होतं, विष हाताळायचा अनुभव होता, डोंगर चढायची सवय होती. पशुवैद्यकाचे मदतनीस, पक्षी सांभाळणारे, हेलिकॉप्टरवाले, नकाशे करणारे, कुत्रे शिकवणारे, सगळे लागतात. तुम्हाला नक्की कशात जायचंय ते लिहिलं नाहीत, त्यामुळं यापेक्षा जास्त सांगता येत नाही. पण घरचे "उंदीर मारायला एवढं शिकलास का" म्हणतील म्हणून मागं हटणार असाल तर या कामात येऊच नका, कारण ते म्हणणार.

काही गोष्टी राहिल्या. हे सगळं बेटावर चालतं, चहूबाजूनं पाणी असतं तिथं. आपल्याकडं शिवारात ब्रोडिफॅकूम असं पसरलं तर घुबडं, शिकरे, मांजरं मरतील आणि महिन्याभरात शेजारच्या बांधावरून उंदीर परत येतील, तेव्हा हे वाचून कुणी काही करायला जाऊ नका. दुसरं, काम एकदा करून संपत नाही. एप्रिल २०२१ ला लॉर्ड होववर परत दोन उंदीर सापडले, एक नर आणि एक गाभण मादी, आणि पुन्हा सापळे, पुन्हा घरोघरी फिरणं, माग काढणारे कुत्रे, सगळं झालं. आता जहाजाचा माल आणि विमानाचं सामान तपासतात. तिसरं, हजार झाले तरी सगळे पक्षी एकाच छोट्या बेटावर आहेत आणि थोड्याच जोड्यांपासून वाढलेले आहेत, एखादा रोग शिरला तर काय होईल ही काळजी खरी आहे, आणि तिच्यावर माझ्या धंद्यातल्या माणसाकडं औषध नाही, तिथं शास्त्रज्ञच लागतात.

आणि दाजी हे वाचतील, ताई त्यांना पाठवेल. दाजी, पुढच्या हिवाळ्यात सिडनीला या, लॉर्ड होवचं विमानाचं तिकीट मी काढतो. लेन्स छोटी आणा, वुडहेन पायाशी येतो.