ज्वारीतील टारफुला: फवारणी नको, फुलापूर्वी उपटा

मंगळवेढा व दक्षिण सोलापूर भागातील शेतकऱ्यांनी विचारले आहे की, जमिनीत ओल असूनही मालदांडी ज्वारी कोमेजते, बुडाशी पांढऱ्या फुलांचे तण दिसते आणि दुकानदार टू-फोर-डी हे तणनाशक फवारून वर युरिया टाकायला सांगतो. तसे करावे काय?

करू नये. हे तण टारफुला आहे. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते, एका झाडापासून हजारो बिया पडतात आणि त्या जमिनीत १० वर्षांहून अधिक काळ जिवंत राहू शकतात. नुसत्या ओलीवर हे बी उगवत नाही. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारा द्रव त्याच्यापर्यंत पोहोचला तरच अंकुर फुटतो, मुळात शिरतो आणि पुढील काही आठवडे जमिनीखालीच राहून ज्वारीचे पाणी व अन्न ओढून घेतो. तण वर दिसते तेव्हा बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. त्या वेळच्या फवारणीने गेलेले उत्पन्न परत येत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

शेजारी द्राक्ष, डाळिंब, कापूस किंवा तूर असेल तर टू-फोर-डीला हातही लावू नये, कारण वाऱ्याने गेलेल्या तुषारांनीही द्राक्षाची पाने वेडीवाकडी होतात. दुप्पट मात्रा तर मुळीच नको, आणि ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याच्या बेतात, असताना कोणतीच मात्रा नको; इजा ज्वारीलाच होते. टू-फोर-डी फवारलेला पंप पुन्हा बागेत वापरू नये.

युरियातील नत्राने टारफुल्याला आळा बसतो हे खरे. परंतु कोरडवाहू ज्वारीत ते माती परीक्षणानुसार, पेरतानाच, दोन चाड्याच्या पाभरीने (बी व खत एकाच वेळी पेरणाऱ्या अवजाराने) ओलीत पडले पाहिजे. कोरड्या रानावर फेकलेला युरिया मुळापर्यंत जात नाही. युरिया आता टाकू नये, कोणी कितीही सांगितले तरी.

टारफुला फुलण्यापूर्वी हाताने उपटावा आणि दर आठवड्याला रान पुन्हा पाहावे. फुललेली झाडे बांधावर टाकू नयेत, जनावरांना घालू नयेत, उकिरड्यात तर नकोतच, कारण बी शेणातूनही जिवंत बाहेर पडते व शेणखतातून स्वच्छ रानात जाते. ती गोळा करून जाळावीत.

पुढील हंगामात त्या रानात ज्वारी किंवा बाजरी न घेता सूर्यफूल घ्यावे, असा माझा आग्रह आहे. सूर्यफुलाच्या मुळांजवळ टारफुल्याचे बी फसून उगवते, पण आधार न मिळाल्याने मरते. बियाण्याच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. तपशील सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे कृषी सहायक) मिळेल. एका हंगामात रान स्वच्छ होणार नाही, त्यामुळे ज्वारीवर परतल्यानंतरही उपटणी चालू ठेवावी.