आधी सातबारा, मग रोप

पाऊस तोंडावर आला की वाचकांची पत्रे वाढतात, आणि निम्म्या पत्रांत झाड कोणते लावू एवढेच विचारलेले असते. जमीन कोणत्या नोंदीखाली आहे, हे क्वचितच कोणी लिहितो. या खेपेला पाच पत्रांना उत्तरे.

शहापूर तालुका, तानसा अभयारण्यालगतचा पाडा: वडिलांच्या नावावर वनहक्काचा पट्टा आहे, दीड एकर. आंबा-काजू लावला तर वनखाते उपटून टाकेल असे गावात म्हणतात.

गावात काहीही म्हणतात. २००६च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाकडे जातो, विकता येत नाही. तो कसण्यासाठीच दिलेला आहे आणि कायद्यात फळझाडांवर सरसकट बंदी नाही. मात्र जागा करायची म्हणून आधीपासून उभ्या असलेल्या ऐन-सागाला कुऱ्हाड लावू नका. पट्ट्याची प्रत घेऊन वनहक्क समिती आणि वनपाल यांना भेटा, हद्द प्रत्यक्ष दाखवून घ्या, मगच खड्डे काढा.

लागवडीचे म्हणाल तर खोल मातीच्या बाजूला आंबा, वरच्या मुरमाड उतारावर काजू. कलमाचा जोड मातीत गाडू नका, तो वर दिसला पाहिजे. पहिली काही वर्षे मधल्या जागेत नाचणी, वरी, तूर निघते. पाड्यावरच्या शेळ्यांचा बंदोबस्त आधी करा. वनखात्यापेक्षा शेळ्या जास्त रोपे उपटतात.

ऐरोली: गावी बांधावर साग आहे आणि बांबूचे बेट आहे. घरच्या जमिनीतले तोडायला परवानगी कशाला?

बांबूला नको. २०१७च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यात झाड धरला जात नाही. सागाला हवी, १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, मोह, ऐन, अगदी आंबा-फणसही आहेत. झाडांची नोंद सातबाऱ्यावर नसेल तर ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे आजच नोंदवा. आदिवासी खातेदार असाल तर १९६९चा वेगळा कायदा लागतो. व्यापाऱ्याला झाड दाखवण्याआधी वनक्षेत्रपालांचे कार्यालय गाठा.

घोडबंदर रोड, ठाणे: शहापूरकडे जंगलाला खेटून पाच गुंठ्यांचे फार्म प्लॉट मिळत आहेत. कंपनी महोगनी लावून देणार, सांभाळणार आणि बारा वर्षांनी एक कोटी देणार. आपल्या हवेत महोगनी येते का?

येते. आता तुम्ही न विचारलेले ऐका.

पाच गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. दहा बाय दहा फुटांवर लावली तर झाडे बसतात ५४. एक कोटीला ५४ने भागा: झाडामागे एक लाख पंच्याऐंशी हजार. हे लाकूड त्या भावाने घेणाऱ्याचे नाव करारात आहे का? नसणार. सागाच्या नावाने हाच खेळ १९९०च्या दशकात झाला, हजारोंचे पैसे बुडाले, आणि १९९९ साली सेबीला सामूहिक गुंतवणुकीचे नियम करावे लागले. कंपनीकडे सेबीची नोंदणी मागा. समोरचा माणूस कसा विषय बदलतो ते बघा.

मग सातबारा मागा. माहितीपत्रकातला छापील तुकडा चालणार नाही, पूर्ण उतारा हवा. 'इतर हक्क' हा रकाना वाचा. तिथे खाजगी वनाची नोंद असेल तर तिथूनच मागे फिरा. खाजगी वने सरकारच्या ताब्यात घेणारा, म्हणजे संपादनाचा, कायदा ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू आहे. ठाणे जिल्ह्यात या नोंदींवरून वर्षानुवर्षे दावे चालले. जुनी नोटीस मालकाला बजावली होती की नव्हती, एवढ्यावर माणसे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. मूळ खातेदार आदिवासी असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय व्यवहार उभाच राहत नाही. आणि तुम्ही स्वतः शेतकरी आहात का? नसाल तर शेतजमीन तुमच्या नावे होणार कशी? "ते आम्ही बघतो" हे यावरचे ठरलेले उत्तर. काय बघतात ते लेखी मागा.

आणखी एक, जे जाहिरातीत कधी नसते. जंगलाला खेटून म्हणजे पाड्याला खेटून. त्या माळावरचे गवत पाडा कापतो, सरपणाची वाट तिथून जाते, पावसाळी भाज्या तिथेच उगवतात. तारेचे कुंपण पडले की हे सगळे एका हंगामात बंद होते, आणि पाड्यातल्या माणसाला स्वतःच्याच शिवारात रखवालदाराची नोकरी मिळते. याला 'हरित गुंतवणूक' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. बयाणा देण्याआधी महसूल दप्तर जाणणारा वकील गाठा. कंपनीने सुचवलेला नको.

मुरबाड: राब भाजायला वनरक्षक हरकत घेतात. आजोबांपासून भाजतो आहोत.

राब म्हणजे भाताची रोपे करायच्या जागेवर फांद्या-पाला पसरून तो जाळणे. हरकत आगीला आहे. राबाने तणाचे बी मरते आणि राख मिळते, हे खरे. पण वारा सुटला की ठिणगी थेट वनात जाते. भाजायचेच तर भोवतीचा पालापाचोळा झाडून मोकळा पट्टा काढा, पहाटे भाजा, वनरक्षकाला आदल्या दिवशी सांगा. राबासाठी ऐनाच्या फांद्या दरवर्षी खरडून तोडल्या की झाड खुंटते, म्हणून शेंडा राखा. बांधावर गिरिपुष्प लावा. त्याचा पाला खाचरात गाडता येतो. नेरळच्या सगुणा भात तंत्रात तर राब आणि चिखलणी दोन्ही लागत नाहीत. पण पहिल्या वर्षी एकाच खाचरात करून पाहा आणि कृषी सहायकांना बांधावर बोलवा.

नौपाडा, ठाणे: स्टेशनबाहेर घेतलेली शेवळं खाऊन घसा खाजला. औषध मारलेली असतात का?

नाही. शेवळं ही पावसाळी रानभाजी मुळातच खाजरी. विकणाऱ्या बाईंनी सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, देऊ केली असतील, ती तुम्ही घेतली नसणार. काकडं नाहीतर चिंच घालून नीट शिजवा. घसा सुजला किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा.