शाळा व्यवस्थापन समितीतील पालकाने संशोधनातून नेमके काय घ्यावे?

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर तुमची नुकतीच निवड झाली असून, प्राथमिक शाळेने विद्यार्थी, शिक्षक आणि पालक या तिघांना आधार कसा द्यावा याबाबत संशोधन काय सांगते, असे तुम्ही विचारले आहे. मुलांच्या वाचन-गणिताच्या चाचण्या घेण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, त्यामुळे उत्तराचा कल थोडा तिकडे झुकला तर समजून घ्यावे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मात्र केवळ समिती असल्याने शिक्षण सुधारते, असे पुराव्यांवरून दिसत नाही. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गावकऱ्यांना ग्राम शिक्षण समितीचे (गावातील शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या समितीचे) अधिकार समजावून सांगण्यात आले आणि काही गावांत मुलांची पातळी स्वतः तपासण्याची रीतही शिकवण्यात आली. अनेक पालकांना अशी समिती आहे हेच ठाऊक नव्हते. काही जण तर स्वतः सदस्य असूनही अनभिज्ञ होते. माहिती मिळूनही शाळेच्या कारभारात फरक पडला नाही. फरक पडला तो जिथे गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन वाचनवर्ग भरवले गेले तिथे, आणि तोही त्या वर्गांना येणाऱ्या मुलांपुरता.

मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांतील ‘बालसखी’ उपक्रमाचा निष्कर्षही याच्याशी जुळतो. मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांचा गट वस्तीतलीच एक तरुणी रोज सुमारे दोन तास वेगळा बसवून शिकवत असे. या मुलांची प्रगती झाली. वर्गात उरलेल्यांना मात्र पटसंख्या घटल्याचा विशेष लाभ झाला नाही. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला, हे मात्र प्रचारपत्रकांत सहसा छापले जात नाही.

शिक्षकांबाबतचा पुरावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरांत मुलांना त्यांच्या पातळीनुसार शिकवले तेव्हा मुले पुढे गेली. परंतु तेच साहित्य आणि प्रशिक्षण नेहमीच्या शालेय वर्षात दिले असता परिणाम दिसला नाही, कारण अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत शिक्षकांना त्यासाठी वेळच उरला नाही. पुढे हरियाणात त्यासाठी दिवसातला एक तास राखून ठेवला आणि वर्गात जाऊन पाहणाऱ्या पर्यवेक्षकांची जोड दिली, तेव्हा भाषेत सुधारणा झाली, गणितात मात्र नाही. थोडक्यात, शिक्षकाला आणखी एका प्रशिक्षणापेक्षा मोकळा तास आणि केंद्रप्रमुखांची (परिसरातील काही शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांची) खरीखुरी सोबत हवी असते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत, असे कायद्याचे कलम 27 सांगते; तरीही शाळेतला किती वेळ माहिती भरण्यात जातो, हे कोणत्याही गुरुजींना विचारून पाहावे. समितीने याची नोंद इतिवृत्तात अवश्य करावी.

पालकांच्या बाबतीत माझी सूचना साधी आहे. सभेत भाषण ठेवण्याऐवजी मुलांचे वाचन पालकांसमोर घ्यावे. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट एवढा एक कागद त्यासाठी पुरतो. ‘क’ आणि ‘ल’ बिनचूक ओळखणारी चौथीतली मुलगी ‘कौल’ या शब्दापाशी थबकते, तेव्हा शेजारी बसलेल्या आईला प्रगतिपत्रकातल्या ‘ब-1’ या श्रेणीपेक्षा कितीतरी अधिक कळते, मग तिला स्वतःला वाचता येत नसले तरी. मात्र हे चारचौघांत न करता एकेका कुटुंबासोबत करावे, अन्यथा मूल आणि आई दोघेही पुढच्या सभेला फिरकणार नाहीत. शिवाय त्याच भेटीत घरी करण्याजोगे एखादे छोटे काम सांगावे. जौनपूरचा अनुभव पाहता नुसत्या माहितीवर थांबू नये.

तुमच्या गावातून ऊसतोडीला कुटुंबे जात असतील, तर वरील कोणत्याही गोष्टीआधी त्या मुलांची यादी करावी. आजी-आजोबांकडे मागे राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. टोळ्या दसऱ्यानंतर निघू लागतात, म्हणून समितीचा ठराव आणि प्रस्ताव त्याआधीच पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोहोचलेला असावा.