शहरात कॅब चालवणाऱ्याला हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका गावातल्या शेतकऱ्यापेक्षा जास्त असतो का?

तुम्ही पुण्यात रोज बारा तास कॅब चालवता, भाऊ गावी शेती करतो आणि घरचे म्हणतात, "त्याची काळजी नाही, तुझीच आहे." तुमच्याबद्दल ते खरं बोलतात. भावाबद्दल मात्र चुकतात.

ब्रिटिश डॉक्टर-संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास मांडला. बस तीच, शहर तेच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर तिकिटं देत जिना चढतोय-उतरतोय. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त निघाला. (पुढे त्यांनी गणवेशाची मापं पाहिली, तर ड्रायव्हरांच्या कंबरा भरतीच्या वेळीच मोठ्या होत्या. सगळा दोष सीटचा नाही.) शिवाय तुमचे तास! जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ चा निष्कर्ष आहे की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त राबणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या मानाने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त असतो. सहा दिवस गाडी चालवलीत तरी तुमचे ७२ होतात.

आता भाऊ. गडचिरोलीत आरोग्यावर काम करणाऱ्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतल्या मृत्यूंची कारणं तपासली, तर साधारण सातातला एक मृत्यू पक्षाघाताने झालेला, आणि त्यातले बहुतेक लोक घरीच दगावलेले. हे वाचलं तेव्हा मला माझे चुलते आठवले. कोरडवाहू शेती, अंगाने काटक. एका सकाळी चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला, मग हातातली बशी सुटली. "वारं गेलं," म्हणत घरच्यांनी तेल चोळलं, दुपारी लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. तालुक्याला पोचले तेव्हा दिवे लागले होते, आणि सीटी स्कॅन होता जिल्ह्याला. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तंबाखू वर्षानुवर्षं होती, बीपी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

म्हणून गावी जाल तेव्हा भावाला उपकेंद्रात नेऊन दोघांचंही बीपी मोजून घ्या. सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, गाडीने किती वेळ लागतो, हे आत्ताच विचारून ठेवा आणि वहिनींनाही सांगा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर तेल बाजूला ठेवून आधी १०८ ला फोन करायचा.