देवाला सगळं माहीत असताना माणसाला जाब का द्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मी रोज बायबलचं वचन वाचतो, प्रार्थना करतो, चुकलं तर देवाजवळ कबूल करतो. मग आणखी कुणा विश्वासणाऱ्यापुढे मन उघडं करायची गरज काय? आणि करायचंच तर ते पाळकांपुढेच (चर्चच्या धर्मगुरूंपुढेच) का?

देवाला कळावं म्हणून कुणी हे करत नाही. त्याला आधीच ठाऊक असतं. आपलं आपल्याला दिसत नाही, खरी अडचण ती आहे.

बायबलमधल्या दावीद राजाचंच घ्या (२ शमुवेल ११ आणि १२). उरीयाच्या बायकोला, बथशेबेला, बोलावून घेतलं, उरीयाला लढाईत मरायला पुढे उभं केलं, तिच्याशी लग्न केलं, मूलही झालं. म्हणजे मधे कितीतरी महिने गेले. ज्याची स्तोत्रं आपण आजही प्रार्थनेत म्हणतो तो माणूस एवढा काळ राज्यकारभार हाकत होता. मग नाथान संदेष्टा येतो आणि एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याची एकुलती एक मेंढी, त्याच्याच ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी. पाहुणा आला म्हणून शेजारच्या श्रीमंताने तीच ओढून नेली आणि कापली. दावीद संतापतो. असा माणूस मरणालाच पात्र आहे म्हणतो, वर चौपट भरपाई द्यायला लावतो. हे चौपट त्याने मनाने ठरवलेलं नाही, चोरलेल्या मेंढराबद्दल निर्गम २२:१ मध्ये तेच सांगितलंय. म्हणजे नियमशास्त्र पाठ होतं, न्यायबुद्धी शाबूत होती, फक्त ती दुसऱ्यांपुरती चालत होती. ‘तो माणूस तूच’ हे ऐकायला समोर माणूसच यावा लागला. देवाला स्वप्नात सांगता आलं नसतं का? पण अध्यायाची सुरुवातच अशी आहे की परमेश्वराने नाथानाला पाठवलं. आणि हाच नाथान दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळल्यावरही त्याच्या दरबारात दिसतो. स्पष्ट बोलल्याने नातं तुटलं नाही.

‘देव बघतोय ना, बस्स’ याला प्रेषित पौलाने पैशांच्या बाबतीत सरळ उत्तर दिलंय. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मदत गोळा होत होती, तेव्हा त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांच्या (चर्चच्या) विश्वासातली आणखी माणसं पाठवली. कारणही लिहिलं: प्रभूच्याच नव्हे, माणसांच्या नजरेलाही व्यवहार चोख दिसला पाहिजे (२ करिंथ ८:२०-२१). पौलाला हे लागतं, तर मी कोण?

पुढे मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीत तिचा संस्थापक जॉन वेस्लीने १७३८ साली छोट्या गटांसाठी नियम लिहिले. मागच्या भेटीनंतर कळतसवरत कोणतं पाप झालं, कोणता मोह आला, त्यातून सुटलास कसा, असे थेट प्रश्न प्रत्येकाला विचारायचे. पण गटात घेण्याआधी विचारत, तुझे दोष तुला तोंडावर सांगितलेले हवेत का? हो म्हणेल तोच आत. मला यातलं हेच सगळ्यात पटतं. विचारण्याचा हक्क आपण द्यायचा असतो, तो कुणी परस्पर घ्यायचा नसतो.

आता रोजच्या जगण्यातलं. ‘काय, कसं चाललंय?’ असं विचारलं की आपण सगळेच ‘प्रभूच्या कृपेने बरं आहे’ म्हणून मोकळे होतो. म्हणून माझा एक मित्र आणि मी प्रश्न वाटून घेतलेत. त्याचा राग मुलावर निघतो, तर मी विचारायचं, या आठवड्यात आवाज चढवलास का? एकदा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘चढवला.’
‘माफी मागितलीस?’
‘अजून नाही.’
‘मग फोन ठेव आणि आधी ते कर.’
तो मला विचारतो, तुझ्यासाठी प्रार्थना करतो असं कुणाकुणाला म्हणालास, आणि खरंच केलीस का? (हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती माणसाला विचारावा, मजा येईल.)

याचा गैरवापरही होतो, तोही सांगतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत एक ख्रिस्ती चळवळ फोफावली, त्यात नोकरी, लग्न असले निर्णयसुद्धा नेमून दिलेल्या ‘मेंढपाळा’ला, म्हणजे आध्यात्मिक पुढाऱ्याला, विचारून घ्यायचे. पुढे तिच्याच काही नेत्यांनी त्यातून अंग काढून घेतलं. आपल्याकडे दुसरा प्रकार जास्त: ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून एकाची गोष्ट दहा कानांवर घालायची. असं करणाऱ्याला काही सांगू नका. मत्तय १८:१५ मध्ये पहिली पायरी दोघांतच, एकांतात बोलायची आहे. आणि घरात मारहाण किंवा लेकराशी वाईट वागणं असेल, तर तो गटात कबुली देऊन मिटवायचा विषय नाही, पोलिसांकडे जायचा आहे.

पाळकांनाच सांगायला हवं असं काही नाही. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ कबूल करा म्हटलंय, म्हणजे ऐकणाराही सांगणारा असतो. आपल्या होला हो करणारा नको, आपल्यावर अवलंबून असलेला नको. शक्यतो पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी. राहिले पाळक. त्यांनाही असं विचारणारं कुणीतरी लागतं, आणि बऱ्याच मंडळ्यांत नेमकं त्यांनाच कुणी विचारत नाही. तुमच्या पाळकांना एकदा विचारून बघा, त्यांचं कोण आहे ते.